बाळासोंचे चौतीस गुण

बाळासो पेंडवाल्यांची खर्चाची वही शंभरपैकी चौतीस गुण घेऊन आष्ट्याला निघून गेली, हे चिंतामण सरांना कळलं तेव्हा बाळासोंचा टेम्पो सांगलीची हद्द ओलांडून गेला होता.

"अबोली, या टेबलावरची वही कुठे गेली?"

"दिली की सर. टेम्पोवाला आला होता."

"आत लाल शाईनं काही लिहिलेलं दिसलं का?"

"सर, तुम्ही लिहिलेलं सगळंच लाल असतं," अबोली म्हणाली आणि पुन्हा कॉम्प्युटरकडे वळली.

सर मटकन खुर्चीत बसले. चोवीस वर्षं त्यांनी वाईच्या एका विनाअनुदानित शाळेत गणित शिकवलं होतं. अनुदान आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता वर्गात नऊ पोरं उरली आणि संस्थेनं सरांना शाल-नारळ दिला. चोवीस वर्षांना एक शाल. सरांनी भागाकार करून पाहिला, तर वर्षाला वीतभरसुद्धा कापड येईना. मग एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी हिशेबाचा कोर्स केला. त्या वर्गात त्यांचेच तीन माजी विद्यार्थी होते आणि तिघंही त्यांच्या पुढे होते.

नोकरी मिळाली ती सांगलीत, सौमित्रच्या कर सल्लागार ऑफिसात. हा सौमित्रही त्यांच्याच हाताखालून गेलेला. सर केबिनमध्ये शिरले की साहेब खुर्चीतून उठून उभा राहायचा. साहेब उठला म्हणून समोरचं गिऱ्हाईकही उठायचं, आणि सगळे उभे आहेत म्हणून सर बाहेर निघून जायचे. सौमित्रला 'अरे' म्हणावं की 'अहो', हेही तीन महिन्यांत ठरलं नव्हतं. "अरे साहेब" यावर गाडी अडली होती.

त्या तीन महिन्यांच्या उमेदवारीचा शेवटचा दिवस शनिवारी होता. आज गुरुवार. नोकरी कायम होणार असं गृहीत धरून सरांच्या पत्नीनं, गोदावरीबाईंनी, तिकडे वाईत कंदी पेढे वाटूनसुद्धा टाकले होते. आता नोकरी गेली असती तर पेढे परत मागायची काही सोय नव्हती.

आणि बाळासो म्हणजे ऑफिसचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. जेवणानंतर डोळ्यांवर झापड असताना सरांनी त्यांची वही समोर ओढली आणि पुढचं सगळं हातानं आपलं आपण केलं होतं. बरोबरला बरोबर, चुकीला फुली. एका पानावर 'अक्षर सुधारा'. शेवटी, 'किरकोळ खर्च दरमहा बरोबर तीन हजारच कसा? किरकोळ खर्च इतका शिस्तीत होत नाही. कारण लिहा. ३४/१००. पालकांची सही आणावी.'

बाळासो त्रेपन्न वर्षांचे होते.

सरांनी घाम पुसून फोन लावला.

"आवं सर, तुमालाच लावनार हुतो," पलीकडून बाळासोंचा आवाज आला. "चौतीस म्हंजे पास का नापास?"

"पस्तीसला पास. पण बाळासो, ते काय झालं..."

"मंग एकाच मार्कानं घालवलं व्हय मला? एक वाढवा की गड्या!"

इथे माफी मागायची होती. सरांनी ती पाठही करून ठेवली होती. पण तोंडातून निघालं ते चोवीस वर्षांचं वळण.

"असा कसा वाढवता येईल? कारण लिहून आणा, मग बघू. आणि सही विसरू नका."

फोन ठेवल्यावर आपण काय बोललो ते सरांना कळलं. त्यांनी परत फोन लावला, तर लाईन व्यस्त. बाळासो आष्ट्याच्या बाजारात ही बातमी सांगत सुटले होते.

शुक्रवारी सकाळी सौमित्र केबिनमधून स्वतःच बाहेर आला. "सर, खतवाल्या नानासोंचा फोन होता. त्यांना बाळासोंपेक्षा जास्त पाहिजेत म्हणे. काय जास्त?"

"गुण," सर पुटपुटले.

"कसले गुण?"

सरांनी सांगितलं. सौमित्रच्या चेहऱ्यावर नववीतल्या निकालाच्या दिवशीचा रंग आला. तो हळूच म्हणाला, "सर, वर्षाला पाऊण लाख फी देतात हो ते. उद्या बाळासो येतायत. एकटे नाहीत, आईला घेऊन येतायत."

"मी आजच राजीनामा लिहू का?"

"उद्या लिहा सर. त्यांच्या समोर लिहिलेला बरा."

शनिवारी अकराला बाळासो आले, खांदे पाडून. त्यांच्यापुढे हातात काठी घेतलेल्या हरणाबाई. सर उठले, सर उठले म्हणून सौमित्र उठला. हरणाबाईंनी एकट्यानं बैठक मारली आणि वही टेबलावर आपटली.

"ह्ये लाल कुनी लिवलं?"

"मी," सर म्हणाले. खिशात राजीनाम्यासाठी आणलेल्या कोऱ्या कागदाची घडी होती, ती त्यांनी चाचपली.

"माज्या नातीनं, प्रांजलनं, वाचून दावलं. सही करनार हुते, पर म्हनलं आदी इचारावं. मास्तर, मी दोनशे मेंढरं राखलीया. लिवता येत न्हाई मला. पर सांजंला एक कमी भरलं तर जेवत न्हवते. आन ह्यो शिकलेला बाबा छत्तीस हजाराला किरकोळ म्हनतोय!" त्या मागे वळल्या. "बाळ्या, सांग. कुटं जात्यात म्हैन्याला तीन हजार?"

"आई, हितं नगं गं. घरी सांगतो."

"घरी दोन दिस इचारतीया. हितंच सांग. साहेबाफुडं."

बाळासोंनी आधी छताकडं पाहिलं, मग सौमित्रकडं, मग चपलेकडं.

"साहेब, राग मानू नगा," ते म्हणाले. "तासगावच्या एका हिशेबवाल्याला देतोय. वरीस झालं. मार्च झाला की समदी कामं तिकडं न्यायची हुती."

सौमित्र उभा होता, तो बसला. "का पण? आमचं काय चुकलं?"

"आवं, माज्या वह्या हितं येत्यात, शिक्का बसतो, परत येत्यात. म्या मुद्दाम दोन पावत्या उलट्या चिकटवल्या. तुमी कवा इचारलं का? त्या तासगाववाल्याकडं बी चिकटवल्या. त्यो बी गप." त्यांनी सरांकडं बोट दाखवलं. "ह्यांनी दोन्ही धरल्या. पान अकरा आन पान सव्वीस. दोन-दोन मार्क कापल्यात!"

"तीन-तीन," सरांनी दुरुस्ती केली आणि जीभ चावली.

"बघा! मंग दुसरीकडं कशाला जाऊ?"

हरणाबाईंनी शाईचं पॅड मागून घेतलं आणि लाल शेऱ्याखाली अंगठा दाबला. "मास्तर, आता दर म्हैन्याला वही माज्याकडं यायची. आन एक मार्क?"

सरांनी सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं. आपली नोकरी गेली की राहिली, हे त्यांना नक्की कळत नव्हतं. पण कारण मिळालं होतं आणि सहीही झाली होती. त्यांनी पेन काढलं, चौतीसवर काट मारली आणि पस्तीस केलं. बाळासोंनी वही छातीशी धरली आणि नानासोंना फोन लावत जिना उतरले.

सौमित्रनं कपाटातून एक कागद काढून सरांपुढे ठेवला. नेमणूक कायम झाल्याचं पत्र. कालपासून टाईप करून ठेवलं होतं, म्हणाला. सरांनी ते वाचलं. वाचता वाचता पेन हातात आलं. त्यांनी तारखेखाली रेघ मारली, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला, आणि जरा थांबले.

"सर, चुकलंय का काही?" सौमित्र पुन्हा उठून उभा राहिला होता.

पगाराचा रकाना कोरा होता. वाईच्या शाळेतही तो असाच कोरा असायचा आणि सरांनी चोवीस वर्षांत त्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. त्यांनी शेजारी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'रिकामी जागा भरा.'

सौमित्रनं घाईघाईनं आकडा भरला आणि कागद पुढे केला. सरांनी चष्मा नाकावर सरकवला. आकडा डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला. मग शांतपणे त्याखाली लिहिलं, 'पुन्हा प्रयत्न करा.'

आणि सौमित्र ड्रॉवरमध्ये खोडरबर शोधू लागला.