बिनशेंड्याच्या ताडाजवळ

आमच्या गावच्या पोस्टमनला माणसाचं नाव सांगितलं की ते चिडायचे!

"नाव काय कामाचं? इथी बारा व्यंकटी आहे. बाराही निळीच लुंगी नेसते. झाड सांग, झाड!"

हे याकुबभाऊ. मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. मी चिमूरकडची, सातवीतच शाळा सुटलेली. नवऱ्याला लाकडाच्या डेपोत काम मिळालं म्हणून एकोणिसाव्या वर्षी इतक्या लांब, प्राणहितेच्या काठी येऊन पडले. पावसाळ्यात पलीकडचा काठ दिसत नसे, आणि अलीकडे उंचच उंच ताडांची रांग. पोचवायला आलेला भाऊ ओरडलाच, "अवं सुमन, हा तं समुद्र!" समुद्र आम्ही दोघांनीही फक्त कॅलेंडरवर पाहिला होता.

या ताडांवरून याकुबभाऊंनी गावाला पत्ते वाटले होते. वाकडा ताड म्हणजे गुरुजी, जुळे ताड म्हणजे किराणावाले, घारीचा ताड म्हणजे दवाखाना. आमच्या वाट्याला आला तो वीज पडून शेंडा गेलेला. मी घाबरले.

"भाऊ, मले दुसरं झाड द्या ना. हे अपशकुनी दिसते."

"रिकामं नाई. आन् काऊन पाह्यजे दुसरं? शेंडेवाले सारे सारखेच दिसते. तुह्यावाला एका मिनिटात सापडते!"

मी मुकाट्यानं माहेरी 'बिनशेंड्याच्या ताडाजवळ' असं कळवलं. आणि खरंच, पत्रं यायला लागली!

पुढच्या पावसाळ्यात आईचं चंद्रपूरला पोटाचं ऑपरेशन ठरलं. काय झालं ते भाऊ पत्रानं कळवणार होता. आणि नेमका नाल्यावरचा रपटा, तो बुटका पूल, वाहून गेला. बस बंद, डाक बंद. याकुबभाऊंची सायकल दिसली की मी दारात.

"आज नाई, बाई."

असे नऊ दिवस. दहाव्या दिवशी ते गल्लीत आलेच नाहीत. अकराव्याही नाही. मी समजले, बातमी वाईट आहे आणि यांना ती द्यायची हिंमत होत नाही. त्या रात्री आमच्या घरात चूल पेटली नाही.

बाराव्या दिवशी दुपारी आले. कमरेपर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकात गुंडाळलेली डाकेची थैली.

"नाल्याच्या तिकडं पडून होती. दोन दिवस बसलो, पाणी उतरूनच नाई राह्यलं. शेवटी घुसलो. घे, उघड! मलेच धडधड होऊन राह्यली! मोठ्यानं वाच!"

एकेक अक्षर लावत मी वाचलं. ऑपरेशन चांगलं झालं होतं! आई उठून बसायला लागली होती! मी चिखलातच उडी मारली. शेवटी भावानं आईचे शब्द जसेच्या तसे लिहिले होते. "सुमन, मी बरी आहो. तू टाइमावर जेवत जाय."

याकुबभाऊ ओट्यावर टेकले. "ते शेवटचं पुन्हा वाच."

वाचलं.

"आणखी एक डाव."

"भाऊ, तुमच्या घरी कोण कोण असते?" वर्षभरात हे मी कधी विचारलं नव्हतं.

"मी आहो. सायकल आहे."

"आन् पत्र?"

"तीस वर्षं वाटून राह्यलो, बाई. माह्या नावाचं एक नाई निघालं."

ते थैली आवरायला लागले. मी पत्र पुन्हा उघडलं आणि त्यांनी न सांगताच वाचलं, "याकुब, तू टाइमावर जेवत जाय."

थैलीची गाठ केव्हाच बसली होती, तरी ते बराच वेळ ती बांधत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, "काय रांधलं आज?"