कंगव्यानंतर चष्मा

"केंद्रातल्या बाई आज येणार नाहीत," फोन ठेवत बाबांनी सांगितलं, तेव्हा आईनं नुसता उसासा टाकला. चिडायचं म्हटलं तरी अंगात त्राण लागतं.

माऊची, म्हणजे त्यांच्या पंचविशी गाठलेल्या लेकीची, आज कामाच्या जागी शेवटची चाचणी होती. हॉटेलच्या खोल्यांत ठेवतात ते ब्रश-साबणाचे पाऊच भरायचं काम. माऊ स्वमग्न. तोंडी सांगितलेलं तिच्या डोक्यात टिकायचं नाही, आणि आधीच्या दोन नोकऱ्या त्यातच गेल्या. मग प्रशिक्षण केंद्रातल्या बाईंनी टेबलच नीट मांडून दिलं. वस्तूंची खोकी डावीकडून उजवीकडे ओळीनं, समोर भिंतीवर त्याच क्रमाचा मोठा फोटो, आणि शेवटी भरलेल्या पाऊचची टोपली. बाकी टेबलावर काडी ठेवायची नाही. फोटोत आहे ते घ्यायचं, नाही ते नाही. एवढं केलं की माऊचा हात असा चालायचा की बघत राहावं. आज जमलं की नोकरी पक्की, आणि आईला कितीतरी वर्षांनी दुपारी आडवं पडायला मिळणार होतं. खरं सांगायचं तर तिला नोकरीइतकीच ती झोप हवी होती.

पण आजपासून पाऊचमध्ये कंगवा वाढला होता. म्हणजे फोटोही नवा हवा, आणि तो काढणाऱ्या बाईच आज नव्हत्या.

"त्यात काय एवढं? मी काढतो की," बाबा म्हणाले. निवृत्त झाल्यापासून ते उठता-बसता हेच म्हणायचे, आणि निस्तरायचं आईनं.

कामाच्या जागी पोचल्यावर त्यांनी टेबलावर ब्रश, साबण, कंगवा ओळीत मांडले. फोनमध्ये बघायला त्यांना चष्मा काढावा लागे, तो काढून त्यांनी शेजारीच ठेवला आणि फोटो घेतला. ऑफिसातल्या प्रिंटरवर मोठा करून भिंतीला चिकटवला. कुणी धड बघितलाच नाही. सुपरवायझर फोनवर होता, आणि आई दाराजवळच्या स्टुलावर बसल्या बसल्या पेंगायला लागली होती.

माऊनं मात्र नीट बघितला. ब्रश घेतला, साबण घेतला, कंगवा घेतला. चौथं खोकं नव्हतं.

"पुढचं नाही," ती म्हणाली.

"फोटोत बघायचं आणि तसंच करायचं," सुपरवायझर फोनवर हात धरून म्हणाला. "विचारत नाही बसायचं."

असं स्वच्छ सांगितलेलं माऊला आवडतं. टेबलावर राहिलेला बाबांचा चष्मा पहिल्या पाऊचमध्ये गेला. चिकटपट्टी लावली, टोपलीत टाकला. दुसऱ्यात सुपरवायझरचा गेला, कारण बोलता बोलता त्यानं तो काढून ठेवला होता. तिसऱ्यात हिशेबनीसाचा, तो बिचारा तोंड धूत होता. मग तिची नजर स्टुलाकडे वळली. आईच्या नाकावरचा चष्मा तिनं इतक्या अलगद काढला की आईचं घोरणंसुद्धा थांबलं नाही.

आईला जाग आली तेव्हा समोर सगळा धुरकट गोळा. "अहो! मला काही दिसत नाहीये!"

"मला तरी कुठं दिसतंय!" बाबा टेबलाखालून ओरडले. ते जमिनीवर चाचपडत होते. "हं, सापडला बहुतेक."

"काका, तो माझा हात आहे," सुपरवायझर म्हणाला.

"आत्ता इथं बेसिनवर ठेवला होता हो!" हिशेबनीस साबणाच्या तोंडानं बोंबलत आला आणि स्टुलावर आदळला.

एवढ्या गोंगाटात माऊ अडली. "चष्मे संपले. चष्मे संपले," म्हणत ती कान दाबून पुढंमागं झुलायला लागली. आधीच्या दोन्ही जागा अशाच क्षणी गेल्या होत्या. आता तिसरीही गेली, आई मनात म्हणाली, आणि आता आपल्यात चौथी शोधायचं बळ नाही.

त्याच वेळी मालकीणबाई आत आल्या. चष्मा लावून.

माऊ एकदम शांत झाली. सरळ चालत गेली, त्यांचा चष्मा काढला, पाऊचमध्ये टाकला आणि चिकटपट्टी लावली.

"हे काय चाललंय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मॅडम, ती मुद्दाम नाही हो करत," आई रडकुंडीला येऊन म्हणाली. "काहीतरी झालंय, तिला नाही सांगता येत..."

तोवर बाबांनी भिंतीला नाक टेकवून फोटो बघितला होता. "अरेच्चा," ते म्हणाले. "हा तर माझा चष्मा!"

मालकीणबाईंनी टोपलीतला एकेक पाऊच चाचपला. "फोटोत आहे ते सगळं भरलंय?"

"भरलंय, पण मॅडम..." सुपरवायझर चाचरला.

"जास्तीचं काही? कमी काही?"

"नाही."

"मग चुकलं कुणाचं?"

सगळ्यांनी रागानं बाबांकडे बघितलं. निदान त्यांना तसं वाटलं. हिशेबनीस कपाटाकडे बघत होता.

ज्याचे त्याला चष्मे मिळाले. बाबांनी कात्रीनं फोटोतला चष्मा कापून टाकला आणि माऊचा हात सुटला तो सुटलाच. टोपली भरली, दुसरी आणावी लागली. मालकीणबाईंनी त्यातले दोन-चार पाऊच उघडून तपासले.

"मुलगी उद्यापासून कामाला," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्ही दोघं मात्र येऊ नका. काका, तुम्ही तर नकोच."

आईला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. पण तोंडातून निघालं भलतंच. "अहो, एकटी कशी राहील ती? मी कोपऱ्यात बसते ना. एक शब्द बोलणार नाही."

माऊनं काम थांबवलं. फोटोवरून बोट फिरवलं, अगदी नीट, डावीकडून उजवीकडे. "ब्रश. साबण. कंगवा," ती म्हणाली. "आई नाही. बाबा नाहीत."

आणि पुढचा पाऊच उचलला.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपून आई आडवी झाली. घरात चिटपाखरू नव्हतं. बाबा शेजारी पडून छताकडे बघत होते.

"झोपलीस?"

"कुठली झोप!"

"पाणी प्यायची आठवण होते का गं तिला?"

"गप पडा हो. तिचं तिला सगळं कळतं," आई म्हणाली. तरी उठली, केस सारखे केले, चपला घातल्या. आणि आपल्याला कुठंच जायचं नाहीये हे आठवून तशीच चपला घालून पलंगावर बसून राहिली.