तळ पाहणारे हरिभाऊ

आमचे शेजारी हरिभाऊ राठोड सकाळी चहाच्या आधी डिझेल पाहतात. स्वच्छ काचेची बाटली सूर्यासमोर धरून ते तिच्याकडे इतक्या कौतुकाने बघतात, की नवख्या माणसाला वाटावं, आता पितात की काय! डिझेल असतं मच्छीमार संस्थेच्या नावेतलं, टाकीच्या अगदी तळाच्या नळातून काढलेलं. खाली पाण्याचा एक थेंब दिसला की त्यांचं तोंड उतरतं. नाही दिसला, तर मला हाक येते, "ये भाऊ, पाह्य कसं! मधावानी!"

आमचं गाव धरणाच्या पाण्याला लागून. समोरच्या काठावर बंजाऱ्यांचा तांडा. दुपारी आणि संध्याकाळी नाव माणसं नेते-आणते आणि हरिभाऊ ती चालवतात. मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांना तळ पाहिल्याशिवाय. म्हणून आमचं जमतं.

संध्याकाळी टाकी गळ्यापर्यंत भरायची, हा त्यांचा नियम. "रिकाम्या टाकीले रातच्याला घाम येते. ते पानी तळाशी बसते, मंग तिथं घान धरते." मला हे पटलं नव्हतं. एकदा त्यांनी टाकी रिकामी करून आत हात घालायला लावला. काळी, बुळबुळीत साय हाताला लागली. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

टाकी धुण्याचा दिवस म्हणजे सोहळा. झाकण उघडून दिवसभर वारा द्यायचा, बिडीवाल्यांना पार बाभळीपलीकडे हाकलायचं आणि जुन्या टेरिकॉटच्या कापडानेच पुसायचं. कापूस बिलकुल नाही. "कापूस तंतू सोडते. तंतू फिल्टरात जाऊन बसते." यवतमाळ जिल्ह्यात कापसाविरुद्ध असं उघड बोलायला छाती लागते. तेही माझ्यासमोर, ज्याचं घर कापसावर चालतं!

पुतणीसाठी मुलगा पाहायला बोरी अरबला गेलो, तेव्हा हरिभाऊंना सोबत नेलं. सगळे शिक्षण, शेती विचारत होते. ह्यांनी विचारलं, "ट्रॅक्टरची टाकी कधी धुतली?"

"टाकी कायले धुवायची, मामा?"

हरिभाऊंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. परतताना म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पन तळ पाहत नाही." लग्न झालं. आता ट्रॅक्टर खोकला की जावई आधी ह्यांनाच फोन करतो.

भांडणाचा विषय एकच. रोज सकाळी हरिभाऊ रिकामी नाव पाण्याच्या मध्यापर्यंत नेऊन परत आणत. संस्थेचे अध्यक्ष भास्करराव वैतागत, "रिकामी नाव काहून फिरवून राह्यले?"

"टाकीतलं डिझेल हलाले पायजे."

दिवसातून दोनदा ते हलतंच, हा हिशेब मी मांडला, तर माझ्यावरच उखडले. "तू तुहा काटा सांभाळ! ज्या दिवशी सकाळी इंजिन वाजनार नाही, त्या दिवशी मी नाव सोडली समज."

यंदा पोळ्यानंतर त्यांना ताप भरला. बिचाऱ्याचं एक काम हलकं करावं म्हणून भास्कररावांनी स्वतः टाकी धुतली. कापसाने. चांगला पांढराशुभ्र, सरकी काढलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच चालू करून पाहिलं, तर इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

हरिभाऊ खाटेवरून उठू पाहत होते. मी धरून ठेवलं.

"वाजलं काय?"

"नाही."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुपारी दाराशी ऑटो थांबला. एक म्हातारी उतरली, काखेत भाकरीचं गाठोडं. "भिया!" अशी भावाला हाक मारत तिने हंबरडा फोडला, आत येऊन हरिभाऊंच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग कपाळाला हात लावला. ही सोनाबाई, त्यांची थोरली बहीण, समोरच्या तांड्यातली. धरण व्हायच्या आधी दोघांच्या घरांमध्ये फक्त एक नाला होता. आता ती कळंबवरून गाड्या बदलत, सगळं पाणी वळसा घालून आली होती. हरिभाऊंना बायको नाही, मूल नाही. सकाळी इंजिन ऐकलं की हिचा चहा चुलीवर चढायचा. आज चढला नव्हता.

"बाई, फोन करायचा ना," मी म्हणालो.

"फोनवर तो नेहमीच बरा असते, भाऊ."

हरिभाऊ पांघरुणातून पुटपुटले, "कापसानं घात केला, बाई."

ताप उतरल्यावर टाकी पुन्हा धुतली गेली. जुना फिल्टर समोर धरून हरिभाऊंनी त्यातला एकेक तंतू भास्कररावांना मोजायला लावला. सोनाबाई दुपारच्या नावेने परत गेली.

दुसऱ्या सकाळी मी पहिल्यांदाच रिकाम्या फेरीला सोबत गेलो. पाण्याच्या मध्यावर हरिभाऊंनी इंजिन जोरात केलं. समोरच्या काठावर काहीतरी चमकलं. स्टीलचं ताट, उन्हात, दोनदा. हरिभाऊंनी तिकडे पाहिलंच नाही असं दाखवलं आणि बाटली डोळ्यासमोर धरली. बराच वेळ धरली.

आता संस्थेच्या बैठकीत रिकाम्या फेरीचा विषय निघाला की मीच आधी हात वर करतो आणि सांगतो, टाकीतलं डिझेल हलायला पाहिजे.