पाण्याच्या दिवशीचं पीठ

पाण्याच्या दिवशी हेमावतीच्या घरी स्वयंपाकाची फार अपेक्षा कुणी ठेवत नसे. नळ चार-पाच दिवसांनी एकदा यायचा, तोही संध्याकाळी, आणि तो येऊन गेला की पोहे नाहीतर खिचडी यापलीकडे कुणाची मजल जायची नाही. पण या बुधवारी वैष्णवीची नववीची परीक्षा संपत होती. तिच्या तीन मैत्रिणी जेवायला यायच्या होत्या, आणि घरच्या पिझ्झ्याचं कबूल करून हेमावती केव्हाच अडकली होती.

हेमावती टॉवेलच्या कारखान्यात माल परदेशी पाठवायचं काम बघायची. बोटीची वेळ गाठायची सवय असलेल्या बाईला बुधवारची संध्याकाळ काय अवघड? तिने मंगळवारीच मैदा, यीस्ट, तेल, मीठ एकत्र करून सैलसर पीठ मळलं, मोठ्या डब्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवलं. थंडीत ते हळूहळू फुलतं, असं तिने मोबाइलवर पाहिलं होतं. ऑफिसातून यायचं, पीठ लाटायचं, पाणी यायच्या आत ओव्हनमधून काढून पोरींना वाढायचं, असा बेत होता. पाणी यायच्या आत हे महत्त्वाचं, कारण नळाला कुणी मोटर लावू नये म्हणून पाणी आलं की त्यांच्या भागातली लाइट जायची. सकाळी तिने घागरी, बादल्या, पातेली घासूनपुसून गॅलरीत पालथी घातली आणि ती कामावर गेली. नवरा शिवराज ट्रेनिंगसाठी आठवडाभर बाहेरगावी होता.

हे सगळं तिने वैष्णवीला सांगितलं होतं. सासूला सांगायचं मात्र राहून गेलं.

सासू म्हणजे चंद्रव्वा. हेमावती तिला अत्ती म्हणायची. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावातून ती दिवाळीत गुडघ्याच्या उपचाराला म्हणून आली, आणि गुडघा बरा झाल्यावरही मुलाने तिला परत जाऊ दिलं नाही. सून तर तिला भांड्याला हात लावू देत नव्हती. अत्ती, तुम्ही बसा, हे हेमावती इतक्या मायेने म्हणायची की चंद्रव्वाला भांडताही येत नव्हतं. जन्मभर दहा माणसांच्या भाकरी थापलेली बाई दिवसभर खुर्चीत बसून समोरच्या गच्चीवरची कबुतरं बघायची.

त्या दुपारी ताक घ्यायला तिने फ्रिज उघडला, तर डब्याचं झाकण वर उचललं गेलेलं आणि आतून पीठ डोकावत होतं. संध्याकाळी पाहुण्या येणार एवढं तिच्या कानावर होतं. सुनेने घाईत कणीक मळली, बाहेर काढायची विसरली, आता ही गारढोण कणीक लाटायची कशी, असा तिने विचार केला. डबा गॅलरीत आणून ठेवला आणि जरा पडली.

सोलापुरातला एप्रिल. चंद्रव्वा उठली तेव्हा पीठ डब्याबाहेर येऊन फरशीवर उतरायच्या बेतात होतं. तिने बोट लावून पाहिलं. बोट चिकटलं. पाणी जास्त झालंय, हे तिने ओळखलं, आणि यावरचा उपाय तिला माहीत होता. तिने गव्हाच्या पिठाचा डबा आणला, पीठ घालून सगळं परातीत मळलं आणि दोन पातेल्यांत ठेवलं. कित्येक महिन्यांनी मनगटं दुखली, म्हणून तिला बरंही वाटलं.

थोड्या वेळाने पातेली भरली. तिने आणखी पीठ घातलं, पाण्याचा हात लावला, पुन्हा मळलं. यीस्टला नवं खाद्य मिळालं, उन्हाची ऊब होतीच. गोळे चार भांड्यांत गेले, मग सहा. गव्हाचं पीठ संपल्यावर तिने ज्वारीचं काढलं. सकाळी घासलेली भांडी हाताशी होतीच, त्यामुळे जागेचा प्रश्न आला नाही.

शेवटी तिने शेजारच्या कमरबीला हाक मारली. कमरबीने गॅलरीभर नजर फिरवली आणि हे सगळं कशापायी, असं विचारलं. "चुकलं माजं. म्याच मळली नव्हं," चंद्रव्वा खाली बघत म्हणाली. कमरबीने आणखी काही न विचारता घरून आपली परात आणून दिली.

हेमावती चीज आणि ढोबळी मिरची घेऊन जिना चढली तेव्हा वैष्णवी आणि तिच्या मैत्रिणी दारातच उभ्या होत्या आणि आत बघून एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. गॅलरीत परात, पातेली, कुकर, टोप, कळशी, घागरी आणि दोन्ही बादल्या. सगळ्यांत पीठ. एका बादलीवरचं ओलं फडकं संथपणे वर येत होतं.

"हेमा, किती माणसं यायचीत?" चंद्रव्वाने विचारलं.

"तीन पोरी, अत्ती."

चंद्रव्वाने तिघींकडे पाहिलं, मग बादल्यांकडे पाहिलं. "खात्यात नव्हं पोटभर?" ती म्हणाली.

हेमावती काही बोलणार एवढ्यात खालून पाणी आल्याची आरडाओरड झाली. आज नळ तासभर लवकर आला होता. पाठोपाठ पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली, आणि ज्या ओव्हनच्या भरवशावर बेत आखला होता तो नुसता डबा होऊन बसला. अंगणातल्या एकाच नळावर सहा बिऱ्हाडं. आजचं पाणी चुकलं की पुढचे चार दिवस मागून आणायचं, आणि भरायला घरात एक रिकामं भांडं नाही.

हेमावतीचा संयम तिथे संपला. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे सगळं करायला?" ती म्हणाली.

चंद्रव्वा बादलीपाशी बसली आणि दोन्ही हातांनी पीठ काढू लागली, पण काढून ठेवायचं कुठे हे तिलाही सुचेना. हातात गोळा धरून ती तशीच बसून राहिली. हेमावतीला ते बघवेना आणि माघारही घेता येईना.

तोडगा कमरबीने काढला. हंडा भरून वर येताना तिने दारातूनच सांगितलं की पीठ आमच्या ताटांत टाका, बादल्या मोकळ्या करा, गॅस तर सगळ्यांकडेच आहे. मग खालून ताटं आली, तसराळी आली. ज्या घरी पीठ गेलं त्या घरून रिकामं झालेलं भांडं धुऊन, पाण्याने भरूनच परत आलं. समोरच्या खोलीतल्या नागप्पाने तर पीठ कसलं आहे हे न विचारताच दोन घागरी भरून आणून ठेवल्या आणि तिसरीला गेला. पिझ्झा खायला आलेल्या पोरी जिन्यावर ओळीने उभ्या राहून बादल्या वर देत होत्या, आणि परीक्षेच्या शेवटच्या दिवशी असतो तेवढा आनंद त्यांच्या तोंडावर अजून शिल्लक होता.

पाणी भरून झालं तेव्हा घरातली सगळी भांडी काठोकाठ भरलेली होती. हेमावतीला आठवेना, आपण स्वतः किती खेपा केल्या. एकही खेप तिला करावी लागली नव्हती.

राहिला पिझ्झा. हेमावतीने गोळा लाटायला घेतला, पण ज्वारी जास्त झाल्यामुळे तो पोळपाटावरच फाटला. दुसराही फाटला. ती बाजूला सरकली आणि म्हणाली, "अत्ती, जरा थापून देता का?"

चंद्रव्वा पदर खोचून ओट्याशी आली. तिच्या हाताखाली गोळे गोल पसरत गेले. तव्यावर एक बाजू खरपूस झाली की उलटायचं, वर टोमॅटो, मिरची, चीज घालून झाकण ठेवायचं. खालून कडक, मधून मऊ. पोरींनी पहिला पिझ्झा चटके सोसत संपवला आणि त्या दुसऱ्यासाठी तव्याभोवतीच उभ्या राहिल्या. कमरबीच्या घरून खिम्याचा वास येऊ लागला, नागप्पाच्या बायकोने शेंगाचटणी वर भुरभुरली. ज्याच्या त्याच्या तव्यावर ज्याचा त्याचा पिझ्झा, आणि सगळे ताटं घेऊन अंगणात. लाइट आली तेव्हा कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही.

जेवताना कमरबी हेमावतीशेजारी बसली होती. हळू आवाजात तिने सांगितलं, "अत्तीवर रागावू नक्को गं. दुपारी मला म्हणली, मीच मळताना बिघडवलं म्हणून. लई वाईट वाटायलं होतं तिला."

हेमावतीचा घास हातातच राहिला. मळलं तर तिने स्वतः होतं. तिला सगळा उलगडा झाला. सुनेच्या हातून कणीक बिघडली असं समजून, ते चारचौघांत कळू नये म्हणून म्हातारी दुपारभर राबली होती आणि कमरबीपुढे दोष स्वतःवर घेऊन मोकळी झाली होती.

वर आल्यावर तिने सासूच्या हातातलं ताट काढून घेतलं नाही. दोघींनी मिळून ओटा आवरला. मग हेमावती म्हणाली की मघाशी माझ्या तोंडून जे गेलं ते जायला नको होतं, आणि आजची संध्याकाळ तुमच्यामुळे निभावली. उद्यापासून भाकरी तुम्हीच करायच्या, हेही तिने सांगून टाकलं.

"करते की," चंद्रव्वा म्हणाली. तिने हात पुसले, दाराकडे नजर टाकून कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि सुनेच्या जवळ सरकली.

"कमरबीला म्या काय बी कळू दिलं न्हाय," ती कुजबुजली. "पर हेमा, फुडल्या टायमाला कणकीत पाणी जरा बेतानं घाल."

हेमावतीने यीस्टबद्दल सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"बरं, अत्ती," ती म्हणाली.