नियमरावांची फाइल

सोमवारी सकाळी नियमरावांच्या टेबलावर नियमरावांचीच फाइल येऊन पडली.

हॉस्पिटलच्या तळघरातल्या त्या खोलीत काम एकच. घरी गेलेल्या पेशंटची फाइल वाचायची, डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराचा नंबर शोधायचा आणि कॉम्प्युटरवर चढवायचा. याला म्हणायचं कोडिंग. जंतुसंसर्गाच्या फायली नियमरावांकडे. जंतू कुठला, शिरला कुठून, पसरला कुठवर, प्रत्येकाचा नंबर निराळा. डॉक्टरांनी एखादी गोष्ट लिहिली नाही की हा माणूस लेखी विचारणा वर धाडणार. एकेका फाइलपायी चार-चार! म्हणून तर हे नाव पडलं.

गेल्या आठवड्यात पोटरीला गळू झालं म्हणून ते इथेच दोन दिवस ॲडमिट होते. आता फाइलच्या शेवटच्या पानावर डॉक्टरांचं अक्षर होतं : 'पोटरीला गळू. रक्तात जंतू पसरल्याचा संशय.'

नियमरावांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं.

"काय झालं हो?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं.

"माझ्या रक्तात जंतू आहेत."

"अहो, नुसता संशय लिहिलाय."

"शेवटच्या पानावर संशय असला की आजार आहे असंच धरायचं. नियम आहे."

"तो नंबर देण्यापुरता! माणूस काय नंबरानं मरतो? आणा ती फाइल इकडे, स्वतःची स्वतः करायची नसते."

"घ्या. पण नंबर तोच टाका," नियमराव क्षीण आवाजात म्हणाले. बाईंनी टाकला.

डॉक्टर दोन मजले वर. पण कोडिंगवाल्यानं विचारायचं ते लेखीच, आणि उत्तर सुचवायचं नाही, हाही नियमच. 'मी मरणार का?' यात उत्तर सुचवल्यासारखं होत होतं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'सदर पेशंटबाबत अधिक खुलासा व्हावा,' आणि खाली नेहमीसारखा विभागाचा शिक्का मारला.

संध्याकाळी घरी ते बायकोला पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह दाखवायला लागले.

"मला कशाला दाखवताय?"

"मी नसेन तेव्हा तुला लागेल."

"अहो, गळू झालं होतं तुम्हाला! आत्ता दोनदा वाढून घेतलंत."

"शेवटी शेवटी भूक वाढते म्हणे."

बायकोनं कपाळाला हात लावला. पण झोपण्याआधी तिनंही गुपचूप तीनदा त्यांचा ताप पाहिला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'आधी लिहिलंय तेच.' नियमरावांची पाचावर धारण बसली. जन्मात पहिल्यांदा नियम मोडून ते लंगडत वर गेले.

"या, या! काय म्हणतंय गळू?" डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, आता किती दिवस?"

"गुरुवारी पट्टी काढू."

"माझे दिवस विचारतोय मी! रक्तातल्या जंतूंचं काय?"

"कसले जंतू? तुमचं रक्त स्वच्छ आहे. अच्छा, तो संशय होय!" डॉक्टर खो खो हसले. "खाली तळघरात एक महाभाग बसतो. रक्तात पसरलं का, नसेल तर का नाही, विचारून विचारून जीव खातो मेला. तीन महिने झाले, जंतूची फाइल दिसली की मी हे वाक्य ठोकून देतो. त्याचा ताप गेला, माझा वेळ वाचला!"

नियमरावांचा जीव भांड्यात पडला. पण पुरता पडायच्या आतच त्यांना आठवलं की त्या तीन महिन्यांच्या सगळ्या फायलींना नंबर आपणच दिलेत.

तेवढ्यात हॉस्पिटलचे मोठे साहेब कागद फडकवत आत आले.

"डॉक्टर, कमाल केलीत! तीन महिन्यांत एकशे बारा पेशंटच्या रक्तात जंतू, आणि एकही दगावला नाही! तपासणी समिती शुक्रवारी फायली बघायला येतेय. मरता मरता वाचलेला एक पेशंटही भेटायला हवाय त्यांना." मग नियमरावांकडे लक्ष गेलं. "अरे, हे तर आपले कोडिंगवाले! यादीत शेवटचं नाव यांचंच आहे की! बोला हं शुक्रवारी, मोकळेपणानं!"

साहेब गेले. डॉक्टरांचं हसू केव्हाच मावळलं होतं.

"म्हणजे... तळघरातले ते तुम्ही?"

नियमरावांनी मान हलवली. डॉक्टरांनी सवयीनं त्यांची नाडी धरली, तर धरणारा हातही लटपटत होता. मग कागद ओढून ते पुटपुटत लिहू लागले, "दरदरून घाम. कापरं. घशाला कोरड. भीतीचा संशय..."

"संशय नको, डॉक्टर," नियमराव कसेबसे म्हणाले. "खात्रीनं लिहा. दोघांच्याही फाइलवर."