घड्याळजींचं नाजूक दुखणं

घड्याळजींना एक दुखणं होतं. कुठलं, ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं, कारण बायकोच्या तोंडात तीळ भिजत नसे आणि तिची बहीण भर चौकात राहायची. पण अलीकडे ते दुखणं धड काम करू देईना की धड जेवू देईना. शेवटी घड्याळजींनी दुकानाला कुलूप लावलं आणि मान खाली घालून रुग्णालय गाठलं.

हे रुग्णालय गोपनीयतेसाठी प्रसिद्ध होतं. मागे तिथल्या कुणीतरी एकाचा अहवाल दुसऱ्याच्या हातात दिला होता आणि प्रकरण कोर्टात गेलं होतं. दुधाने तोंड पोळल्यामुळे रुग्णालय आता ताकच काय, पाणीही फुंकून पीत होतं.

"तुमच्या आजाराची माहिती कुणाकुणाला द्यायची, त्यांची नावं इथे लिहा," स्वागतकक्षातल्या बाईंनी कागद पुढे केला.

घड्याळजींनी मोठ्या अभिमानाने अख्ख्या चौकटीवर फुली मारली.

"कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही!"

"आणि मागे एक सही."

मागचा मजकूर इतका बारीक होता की तो वाचायला दुकानातलं भिंग आणावं लागलं असतं. घड्याळजींनी सही ठोकली. तपासण्या झाल्या, आणि अहवालासाठी ते पुढच्या आठवड्यात पुन्हा आले.

प्रतीक्षागृहात नाव पुकारायला बंदी होती. आधी नंबर पुकारत, पण नंबरावरूनही माणूस ओळखता येतो असं वकिलांचं मत पडलं आणि तेही बंद झालं. त्यामुळे ध्वनिक्षेपकावरून सूचना आली, "चौकातल्या घड्याळाच्या दुकानाचे मालक, टक्कल, तपकिरी स्वेटर, ज्यांचं नाव आम्ही कदापि घेणार नाही, त्यांनी नाजूक तक्रारींच्या खिडकीशी यावं."

सगळं प्रतीक्षागृह वळून बघायला लागलं. दोघांनी तर घड्याळजींना खिडकीपर्यंत वाट दाखवली.

खिडकीत गोपनीयता अधिकारी बसले होते. ते म्हणाले, "अहवाल आलाय. चांगला सविस्तर आहे."

"द्या मग."

"कुणाला?"

"मला!"

अधिकाऱ्यांनी फुलीचा कागद काढून नीट न्याहाळला. "यादीत तुमचं नाव नाही."

"अहो, आजार माझा आहे!"

"ते आम्ही नाकारत नाही. मान्यही करत नाही. मान्य करणं म्हणजे माहिती फोडणं."

"मग आता लिहितो नाव."

"यादी बदलायला वैद्यकीय कारण लागतं. तुम्हाला काय झालंय, त्याचा अहवाल अर्जाला जोडा."

"साहेब, एवढं तरी सांगा, घाबरण्यासारखं आहे का?"

"असं विचारणाऱ्याला काय सांगायचं, याचं आम्हाला प्रशिक्षण दिलंय," अधिकारी हळुवारपणे म्हणाले. "काहीच सांगायचं नाही."

आजवर घड्याळजींना लोकांची लाज वाटत होती, आता खरोखरची भीती वाटायला लागली. ते तडक डॉक्टरांच्या खोलीत घुसले. डॉक्टर पडद्यामागे होते.

"पुढे येऊ नका!" डॉक्टर ओरडले. "मला आजार माहीत आहे, रुग्ण माहीत नाही. ते तुम्हीच, असं सांगाल तर मला कळेल ना!"

"मग औषध कसं देणार?"

"औषध दिलंय. कुणाला, ते मला सांगायची सोय नाही."

घड्याळजी बाहेर पडले, तर न्हाव्याने दुकानातून हाक मारली. "कळलं हो! धीर सोडू नका. आमच्या मामांनाही हेच होतं."

"काय होतं?"

"छे छे, ते कसं सांगू? गोपनीय आहे," न्हावी म्हणाला आणि डोळे पुसत गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी आले, तर बायकोने खुर्चीवर दोन उशा रचून ठेवल्या होत्या. "बसा हं, सावकाश."

"तुला कुणी सांगितलं?"

"ताईने. तिला आपल्या व्याह्यांनी सांगितलं. ते विमा कंपनीत आहेत ना, रुग्णालयाच्या भागीदार संस्थेत! भागीदार संस्थांना सगळं कळतं म्हणे. तुम्हीच नाही का मागच्या बाजूला सही करून दिलीत?"

"असू दे. मला झालंय काय, ते सांग."

"नाही बाई. व्याह्यांनी सही घेतलीय माझी. कायदा आहे."

तिच्या तोंडात आयुष्यात पहिल्यांदाच तीळ भिजला, आणि तोही नेमका आज. उशांवर बसून घड्याळजींनी मनातल्या मनात स्वतःचं मृत्युपत्र करायला घेतलं.

दोन दिवसांनी रुग्णालयातून दुकानात निरोप आला. प्रतीक्षागृहातलं घड्याळ बंद पडलं होतं. घड्याळजी गेले, शिडीवर चढले, सेल बदलला, आणि बिल द्यायला हिशेबनिसांच्या टेबलाशी आले.

"तुम्ही आमच्याकडे नोंदलेले नाही," हिशेबनीस म्हणाले. "थांबा, भागीदार संस्था म्हणून नोंदवतो. हा घ्या पासवर्ड. त्या संगणकावर सगळ्या रुग्णांचे सगळे अहवाल दिसतील. काही अडलं तर विचारा."

"मला कशाला ते?"

"का, ते मला माहीत नाही. सगळ्या भागीदारांना देतो. पडदे धुणाऱ्यालाही दिलाय."

घड्याळजींनी आपला अहवाल उघडला. वाचला. पुन्हा वाचला. मग एवढ्यांदा हसले की पडद्यामागून डॉक्टरांनी "शांतता!" म्हणून दटावलं. गाडाभर ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं. आता ते खुशाल घरी जाऊ शकत होते. पण खुर्ची चांगली होती आणि समोर संगणक उघडा होता. त्यांनी सहज न्हाव्याचा अहवाल पाहिला. मग व्याह्यांचा. मग गोपनीयता अधिकाऱ्यांचा, तो दोनदा. दिवेलागणीपर्यंत अख्खा चौक वाचून झाला.

तर, घड्याळजींना झालं होतं तरी काय? पहिल्या ओळीपासून तुम्ही त्याच आशेवर वाचत आलात, हे काही लपत नाही. लाजू नका, न्हावीही काळजीपोटीच विचारपूस करत होता. पण काय करणार, यादीत तुमचं नाव नाही.

घड्याळजींनी तुमच्यासाठी एक निरोप मात्र आवर्जून दिलाय. तुमचं ते दुखणं, जे तुम्ही अजून घरीसुद्धा सांगितलेलं नाही, ते घाबरण्यासारखं नाही म्हणे.