बोदवडपेक्षा लंडन जवळ

दोन गावांमधलं खरं अंतर मुलगी देतानाच कळतं, हे सत्य भूगोलाच्या पुस्तकात नसल्यामुळे आपला देश मागे राहिला. खानदेशात मात्र ते सर्वमान्य आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेक माहेरी आलीच पाहिजे. म्हणून ती अशाच गावी द्यावी, की उजाडता निघाली तर दिवेलागणीच्या आत बापाच्या ओट्यावर टेकेल.

१९६५ साली भडगावच्या भाईदास आबांच्या मंजुळाला दोन स्थळं एकदम आली. एक बोदवडचं, दुसरं लंडनचं (मुलगा मूळचा चोपड्याचा, म्हणजे निर्दोष). आबांचा जीव लंडनमध्ये अडकला होता. मंजुळाच्या आईची, बेबाबाईंची, अट एकच होती.

"मन्ही पोर आखाजीले येवाले पाहिजे."

आबांनी तत्काळ समिती नेमली. स्वतः आबा, किराणा दुकानदार रुपचंदशेठ आणि शेठनी मुंबईहून आणलेलं विमानाचं वेळापत्रक असे तीन सभासद. निष्कर्ष पुढीलप्रमाणे:

बोदवड: एस.टी.ची वाट पाहणे, तीन तास. एस.टी.त बसणे, एक तास. पाचोऱ्याला रेल्वेची वाट पाहणे, दोन तास. रेल्वे, अडीच तास (भुसावळचा चहा धरून). टांगा, अर्धा तास. एकूण नऊ.

लंडन: विमान मुंबईहून सकाळी सहाला सुटते, तिकडे दुपारी बाराला पोचते. एकूण सहा.

मैल साडेचार हजार भरले, पण मैलांना कोण विचारतो! दोन्हीकडची घड्याळं वेगळी असतात, अशी शंका पोस्टमास्तरांनी काढली. ते सभासद नसल्यामुळे ती फेटाळण्यात आली. भडगाव ते सांताक्रूझचा विमानतळ हा प्रवास समितीनं धरलाच नाही, कारण वेळापत्रकात तो छापलेला नव्हता.

"लंडन बोदवडपेक्षा तीन तास जवय शे," आबांनी घरात जाहीर केलं.

बेबाबाई हरखून गेल्या. दर महिन्याला खापरावरचे मांडे पाठवायचं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. सहा तासांत मांडे काही शिळे होत नाहीत.

मंजुळा लंडनला गेली. आखाजी तोंडावर आली तेव्हा आबांनी वेळापत्रकाचं मागचं पान पहिल्यांदा उघडलं. परतीचं विमान लंडनहून सकाळी दहाला सुटून मुंबईला मध्यरात्रीनंतर अडीचला टेकत होतं. साडेसोळा तास! समितीची तातडीची बैठक झाली आणि लंडन उताराला असून खानदेश चढावर आहे, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. त्याच आठवड्यात मंजुळाचं पत्र आलं. यंदा येणं जमत नव्हतं.

बेबाबाईंनी तिच्यासाठी निंबाला आखाजीचा झोका बांधून ठेवला होता. तो त्या कुणाला सोडू देईनात.

"जावाले जवय, येवाले दूर," एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

त्याला आता सात आखाज्या झाल्या. मंजुळा एकदाही आलेली नाही. समितीचा हा अहवाल मी गावोगाव वाचून दाखवतो आणि लोक पोट धरून हसतात. तुम्हीही हसलात. हसावंच, आबांचं गणित चुकलेलंच होतं. तुमची बहीण तर इथे चाळीसगावला दिलेली आहे, दीड तासावर. गेल्या आखाजीला तिला आणायला मुराळी म्हणून कोण गेलं होतं?